चाकामागचे दगड

जळगावच्या कचेरीत आजवर वकील पुष्कळ झाले, पण कोर्टाच्या व्हरांड्यात वळताना उजवा हात बाहेर काढून इशारा देणारे वकील फक्त आमचे आतोबा. एकदा त्या हातानं नाझरांची पगडी खाली पडली. आतोबांनी ती उचलून, झटकून परत दिली आणि, "मी हात दाखवला होता," एवढंच सांगितलं. दिलगिरीचा त्यात अंशही नव्हता. खुर्चीवर बसण्याआधी तिच्या चारही पायांना ते बुटाच्या टोकानं ठोकून बघत. टांग्यात बसले की रस्त्यानं चालणाऱ्या प्रत्येकाला "कुठं जायचं?" म्हणून विचारत आणि खुशाल आत घेत, मग टांगा कुणाचाही असो. माझ्या लग्नात त्यांनी माझ्याच टांग्यात मडक्यांसकट एक कुंभारीण चढवली. ती मांडवाच्या दारात माझ्याआधी उतरली आणि सनईवाल्यांनी तिलाच वाजतगाजत आत नेलं.

या सगळ्याचं मूळ एका लॉरीत होतं. चळवळीत तुरुंगात जाऊन आल्यावर आतोबांची वकिलीची सनद काढून घेतली गेली. मोटार हाकता येत होती, तेव्हा ओळखीच्या, कापसाचा जिन चालवणाऱ्या एका जिनवाल्यानं त्यांच्या हाती लॉरी दिली. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना. कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या त्या लॉरीतून त्यांनी चार वर्षं कापसाच्या गाठी पाचोऱ्याला आणि बोदवडला पोचवल्या. लॉरीला ते 'अशील' म्हणत, कारण तिची तक्रार कधी संपत नसे आणि खरं कारण ती कधी सांगत नसे.

सनद परत मिळाली त्या दिवशी आत्यानं खाकी कपडे ट्रंकेच्या तळाशी घातले आणि डाळीचं पीठ अन् लिंबू घेऊन आतोबांचे हात घासायला बसली. नखांतलं काळं तरी निघेना. एक जुने वकील मुद्दाम घरी येऊन सांगून गेले, की लॉरीचा शब्द कोर्टात काढू नका, ड्रायव्हरला कोण वकीलपत्र देणार? आत्यानं तेवढ्यावरून आतोबांकडून वचनच घेतलं. तरीही कुणी फिरकेना. मी त्यांचा कारकून. रोज टाकाचं निब बदलायचो आणि न वापरलेलं काढून ठेवायचो. फार वाईट दिवस होते ते. तिकडे जिनवाला 'लॉरी अजून तुमचीच आहे' असा निरोप पाठवत होता.

अशात पाचोऱ्याकडची एक अक्का आली. तिच्या नवऱ्याला पोलिसांनी धरलं होतं. त्याच्या शेताजवळच्या चढावर रस्त्यात पडलेल्या दोन दगडांवर एक लॉरी आदळून उलटली होती. दगड यानंच घातपातासाठी ठेवले, असा आरोप होता. मोठ्या वकिलांनी हात झटकले, म्हणून ती आमच्याकडे आली होती. आतोबांनी पंचनामा वाचला. दोन दगडांतलं अंतर लिहिलं होतं, तिथं त्यांचं बोट थांबलं. मग आत्याकडे एकदा बघून त्यांनी वकीलपत्र घेतलं.

कोर्टात त्यांनी मुद्देमालातले दगड मागवून उलटे केले. दोन्हींच्या एकेका बाजूला टायरच्या रबराचे काळे पट्टे होते. उलटलेल्या लॉरीचा ड्रायव्हर साक्षीच्या पिंजऱ्यात उभा होता. आतोबांनी त्याला विचारलं, की चढावर गाडी थांबवली तर मागच्या चाकांमागे काय लावतोस? दगड, तो म्हणाला. निघताना काढतोस का, असं विचारल्यावर तो घुटमळला. तो आतोबांना लॉरीच्या दिवसांपासून 'नाना' म्हणत आलेला; मग त्यानं अगदी घरच्यासारखं सांगितलं, "बठ्ठाच असंच करतस, नाना. तुम्ही तरी कवय काढात?"

कोर्टात हशा पिकला. मी मान खाली घातली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी हशा थांबवून आतोबांना विचारलं, सगळ्यांसारखे तुम्हीही कधी दगड काढले नाहीत, असं साक्षीदार म्हणतो ते खरं आहे का?

"खरं आहे, साहेब," आतोबा म्हणाले. "चार वर्षं लॉरी चालवली. चढ चढल्यावर दगड काढायला मागं कोण येतो? मीही कधी गेलो नाही. हे दगड माझे नाहीत, एवढंच माझं नशीब."

मग साहेबांनी मोजपट्टी मागवली. लॉरीच्या मागच्या चाकांमधलं आणि पंचनाम्यातलं दगडांमधलं अंतर जुळलं, म्हणजे दगड कुठल्यातरी लॉरीवाल्यानंच मागे सोडले होते. माणूस सुटला. दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर बैलगाडीवाले, ड्रायव्हर, भाजीवाले यांची रीघ लागली, आणि रस्त्याचं काही असलं की नानांकडेच जायचं असं साऱ्या जिल्ह्यात ठरून गेलं. वचन मोडलं म्हणून आत्या दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं खाकी कपडे काढून उन्हात घातले.

त्यानंतर सर्व्हिस मोटारीनं त्या चढावरून जाताना आतोबा गाडी थांबवायला लावत. कोट सांभाळत उतरत, रस्त्यातले दगड उचलून कडेला टाकत आणि मगच परत चढत. उतारू चिडत, ड्रायव्हर हसत. ते सगळ्यांना एकच सांगत, "माझेच राहिलेत अजून."

आतोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. चढाच्या कडेला त्यांनी टाकलेल्या दगडांचा ढीग अजून आहे. लोक त्याला कसल्यातरी देवाचं ठाणं समजून हात जोडतात. परवा तिथून जाताना मधोमध एक दगड दिसला. मी गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हर कुरकुरला, पण मी उतरलो. दगड चांगलाच जड होता.