शिवणकाकूंचा हौद

आमच्या शाळेचे गणवेश शिवणकाकू शिवत. मी शिकवत असताना मापं घ्यायला वर्गात यायच्या तेव्हा टेप गळ्यात असायची, पण ती शोभेपुरती. पोराला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं की छाती, बाही, उंची सांगून मोकळ्या. एका वाकून उभ्या राहिलेल्या मुलीला म्हणाल्या, "सरळ राहा गं, कुबडाचं माप घेत नाही मी." सगळा वर्ग ताठ झाला. फळ्यापाशी उभी असलेली मीसुद्धा.

मग मणक्याच्या दुखण्यानं त्यांचे पाय गेले. मशीनवर चादर पडली आणि काकू मागच्या दारातल्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "यांना छातीभर पाण्यात उभं करा. अंगाचं ओझं पाणी उचलतं, पायांना चालणं आठवतं. मात्र उशीर नको. स्नायू एकदा आटले की आटले." सार्वजनिक तलावात उतरायला उभी लोखंडी शिडी होती, तिथे काकूंना नेणं अशक्य. काकूंच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, तिथल्या तिथे ठरवलं: घरामागेच पोहण्याचा तलाव बांधायचा.

काकांनी जन्मभर बस चालवलेली. त्यांच्या घरामागची जागा म्हणजे निव्वळ घसरगुंडी. वर त्यांचं घर, खाली आमचं, आणि मध्ये असा उतार, की त्यांच्या हातून निसटलेलं लिंबू आमच्या अंगणात येऊन थांबायचं.

"या उतारावर पाणी राहील का हो?" मी विचारलं.

"बाई, भरलेली बस चढावर उभी केलीय मी. पाण्याची काय बिशाद!"

काकू काही त्याला तलाव म्हणेनात. "हौद म्हणा. तलावात कमळं असतात."

मिस्त्रीनं वरची बाजू खणली. निघालेली माती खालच्या बाजूला टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकून सपाट केली आणि त्या भरावावर खालची भिंत उभी केली. वरून पाहिलं तर तलाव जमिनीत; आमच्या अंगणातून पाहिलं तर डोक्याच्या वर गेलेली भिंत. काकू दिवसभर हे सगळं खुर्चीतून बघत. खुर्चीच्या चारही पायांभोवती त्यांनी शिवणाच्या खडूनं खुणा करून घेतल्या होत्या. केर काढताना खुर्ची तसूभर जरी सरकली, तरी त्यांना खपत नसे.

टाइल्स उतरवून घेत होते त्या सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, भिंत बसतेय."

"कुठे?"

"उजवा कोपरा. भिंतीच्या कडेवरून बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी मला वरची अर्धीच दिसायची. आज खिडकीतल्या बरणीचं झाकण दिसतंय."

मिस्त्री हसला. "बाईंनी उंच बरणी आणली असेल काकू."

काकांनी वरूनच मला हाक मारून विचारलं. "मिठाची बरणी आहे, वर्षानुवर्षं तीच आहे!" मी खिडकीतून ओरडले.

"मग खुर्ची हलली असेल."

काकूंनी नुसतं खाली बोट दाखवलं. चारही पाय खडूच्या खुणेत होते.

मिस्त्रीनं पाण्यानं भरलेली लांब पारदर्शक नळी आणली आणि तिची टोकं भिंतीच्या दोन कोपऱ्यांशी धरली. अशा नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर येतं, कुणाची भीड धरत नाही. उजवा कोपरा दोन बोटं खाली गेला होता. मिस्त्री तिथेच उकिडवा बसला.

"भराव दबतोय," तो म्हणाला. "मला वाटलं, ठोकून दगड केलाय. चुकलं माझं." नळी गुंडाळत म्हणाला, "दोन बोटं टाइल्सखाली झाकता येतील. पण पाणी भरल्यावर..." त्यानं आमच्या घराकडे पाहिलं.

तोवर मी चढ चढून वर पोचले होते. काका काकूंसमोर उभे होते. "अगं, पाडायची म्हणजे निम्मं वर्ष गेलं. तुझे पाय थांबणार आहेत का तोवर?"

"नाही थांबले तर नाही थांबले. भरलेला हौद बाईंच्या उशाशी टांगून मी त्यात पाय हलवत बसू?"

"काहीतरी टेकू देता येईल की काकू," मी म्हटलं.

"बाई, उसवायचं ते उसवायचंच. वरून टाका मारला की कापड बरोबर तिथेच फाटतं."

त्यांची नजर मला नवी नव्हती. पण त्या गप्प बसल्या असत्या, तर त्या दिवशी कुणालाच काही कळलं नसतं, आणि गप्प बसण्यात फायदा एकट्या त्यांचाच होता. मी पुष्कळ माणसं पाहिली. इतक्या सहज आपलं पान दुसऱ्यापुढे सरकवणारं माणूस नाही पाहिलं.

पहिला घण काकांनी घातला. सगळा भराव उपसला. मूळची कडक जमीन लागेपर्यंत मिस्त्री खाली गेला, तिथे रुंद पाया धरला आणि सळयांची दाट जाळी विणून भिंत पुन्हा वर आणली. इकडे काकूंच्या पिंढऱ्या काठीसारख्या होत चालल्या. काका रोज तेल लावून पाय चोळत. व्यायामाची मुलगी एकदा फाटकाशी मला हळूच म्हणाली, "आता काही सांगता येत नाही."

तलाव भरायला घेतला तेव्हा मिस्त्री आमच्या अंगणात त्या भिंतीखाली स्टूल टाकून बसला. मी चहा दिला, तो त्यानं भिंतीवरची नजर न काढता प्यायला. भिंत हलली नाही. संध्याकाळी वर गेले आणि पाहतच राहिले. आमच्या त्या टेकाडावर सगळंच तिरकं: रस्ते, कुंपणं, झाडंसुद्धा. त्यात ते पाणी काठोकाठ, आरशासारखं सपाट, आणि अख्खं आभाळ त्यात उतरलेलं. मी नकळत चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी आणि मिस्त्रीनं काकूंना खुर्चीसकट रुंद पायऱ्यांवरून पाण्यात नेलं. पाणी गळ्याशी आलं. त्यांना उभं करून खुर्ची बाजूला केली; आता पाणी छातीपर्यंत होतं. काका काखेत हात घालून त्यांना धरून होते.

"सोडा."

"पडशील अगं."

"पाण्यात पडून पडून कुठे पडणार? सोडा म्हणते ना."

काकांनी हात काढले आणि दोन पावलं मागे सरकले. काकू डुलल्या, पण उभ्या राहिल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. व्यायामाची मुलगी ओठ चावत होती. मग पाण्याखाली एक गुडघा हलला. इतका सावकाश, की मला आधी पाणीच हलल्यासारखं वाटलं. पाऊल पुढे पडलं. मग दुसरं.

त्या काकांपाशी येऊन थांबल्या, आणि त्यांच्याकडे बघायला काकांना मान वर करावी लागली. काकू काकांपेक्षा चांगल्या चार बोटं उंच आहेत, हे आम्ही सगळेच साफ विसरून गेलो होतो.

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्ही बुटके झालात की काय?"

"होतोच गं," काका म्हणाले. "तू बसून होतीस, म्हणून चाललं."