शहपुऱ्याची अर्धा एकर जमीन

बाबा फॅक्टरीत टर्नर होते. लेथवर तोफगोळ्यांची कवचं कातण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. मुदतीआधी नोकरी सोडायची, शहपुऱ्याला एका ओळखीच्या शेतकऱ्याची अर्धा एकर जमीन बटईनं, पिकात वाटा देऊन, करायची आणि मटार लावायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. अर्ज लिहून त्यांनी आईपुढे ठेवला. तिनं तो दोनदा वाचला.

"क्वार्टर सोडावं लागेल. पोरींच्या शिक्षणाचं काय?"

"शहपुऱ्याला शाळा आहे. मी काहून घाई करून राहिलो, तुला माहीत आहे. हातपाय चालतात तोवर जाऊ दे मला."

 आईनंच अर्ज पाकिटात घातला.

मी तेव्हा नववीत होते. मैत्रिणी सुटणार म्हणून दोन दिवस बाबांशी बोलले नाही.

मंजुरी आली आणि पंधरा दिवसांत लढाई सुरू झाली. आम्ही खिडक्यांना काळा कागद चिकटवला. फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी लागली. बाबांना कोणी थांबवलं नव्हतं. एका सकाळी तेच साहेबांकडे जाऊन अर्ज मागे घेऊन आले.

"माझ्या लेथवर नवा माणूस तयार व्हायला तीन महिने लागतील," जेवताना ते म्हणाले. "आत्ता कसा निघू?"

आईनं न विचारता त्यांना आणखी एक पोळी वाढली. मला मात्र आनंद झाला होता, आणि तो मी लपवलाही नाही.

लढाई संपली, फॅक्टरीतली घाईही ओसरली, पण तोवर ताई कॉलेजात गेली होती. पुढे तिचं लग्न, मग माझं कॉलेज. दर हिवाळ्यात बाबा म्हणायचे, "चलो, अगले साल." अर्ज काही पुन्हा गेला नाही.

बाबा पूर्ण वयाला निवृत्त झाल्यावर एका थंडीत मी त्यांना शहपुऱ्याला घेऊन गेले. ती जमीन आता दुसरं कोणी करत होतं. मटार तोडणीला आला होता. बाबा बांधावर बसून शेंगा सोलू लागले. यंत्रांच्या आवाजानं त्यांचे कान जवळजवळ गेले होते.

"पाखरं आहेत का गं इथं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "आहेत बाबा. पोपटांचा थवाच आहे."

"मग राखणीला माणूस लागत असेल," ते म्हणाले. "हातपाय तर अजून चालतात माझे."