कापणीच्या सकाळी तेरा मुलं

गुनबोर्गला मी बावीस उन्हाळे ओळखते, आणि त्यातला निम्मा वेळ आमचं भांडण चाललेलं असतं. ती मुलांचं शिबिर चालवते, मी त्यांचा स्वयंपाक करते. स्वीडनमधल्या डाल्सलंड भागातल्या तिच्या शेतावर दर जूनला शहरातली चौदा मुलं दोन आठवडे राहायला येतात. त्यांचे लाड कोणी करत नाही. वासरांना दूध पाजायचं, गोठा झाडायचा, मगच नाश्ता. बुटात शेण गेलं म्हणून कोणी रडलं, तर गुनबोर्ग म्हणते, "एकातच गेलं ना? दुसरा बूट बिचारा रुसेल." मी म्हणते, अगं, जरा गोड बोल. ती म्हणते, गोड तुझ्या खिरीत घाल.

एका बाबतीत मात्र तिला थट्टा चालत नाही. जूनमध्ये हरिणी आपली पाडसं उंच गवतात लपवून चरायला जातात. गवत कापायचं यंत्र आलं तरी पाडस पळत नाही, जमिनीला चिकटून राहतं. म्हणून कापणीच्या आदल्या संध्याकाळी सगळी मुलं एका ओळीत, हाताला हात लागेल इतक्या अंतरावरून, न बोलता अख्खं शेत चालून काढतात. पाडस दिसलं की टोपी वर करायची, हात लावायचा नाही. मग गुनबोर्ग माणसाचा वास लागू नये म्हणून हातांत गवत घेऊन ते उचलते आणि कापणी होईपर्यंत झाडाखाली खोक्यात ठेवते. सकाळी गुनबोर्ग मुलं मोजते, आणि मगच तिचा नवरा टोरवाल्ड ट्रॅक्टर सुरू करतो.

त्या वर्षी दोनच दिवस ऊन मिळणार होतं. वैरण वाळायला तेवढे तरी लागतातच. सहा वाजता टोरवाल्ड अंगणातून म्हणाला, "निघू का? की मुलांना उठवून मोजत बसणार आहेस?" मुलं झोपली होती, निदान आम्हाला तसं वाटलं. गुनबोर्गने हातानेच 'जा' म्हणून खूण केली. मी शेजारीच उभी होते आणि मीही मोजणीची आठवण करून दिली नाही.

सात वाजता तेराच वाट्या भरल्या गेल्या. नऊ वर्षांची तूवा नव्हती. तिचा बिछाना गार पडला होता.

"तूवा कुठेय?" गुनबोर्गने विचारलं.

तूवाशेजारी झोपणाऱ्या मेल्करने वाटीवरची मान वर केली नाही. "पाडसाकडे गेली."

"कुठल्या पाडसाकडे?"

"काल तिला एक दिसलं होतं. तिने टोपी वर केलीच नाही. त्याआधी सापडलेलं एक खोक्यात सारखं ओरडत होतं ना, म्हणून. ती म्हणाली, मी त्याच्याजवळ बसते, म्हणजे टोरवाल्डला मी दिसेन आणि तो थांबेल."

गवत माझ्या छातीपर्यंत आलेलं. त्यात बसलेलं मूल ट्रॅक्टरवरून दिसणं शक्यच नव्हतं. मी टोरवाल्डला फोन लावत राहिले, पण त्याच्या कानांवर आवाज अडवणारे जाड कप होते. एकसष्ट वर्षांची गुनबोर्ग दुखरा गुडघा घेऊन पळत सुटली, तिच्यामागे मी आणि माझ्यामागे मुलं.

निम्मं शेत कापून झालं होतं. कापलेल्या भागाकडे माझ्याने पाहवत नव्हतं. गुनबोर्ग सरळ यंत्रापुढे जाऊन उभी राहिली.

टोरवाल्डने ब्रेक दाबला. "मरायचंय का तुला?"

"एक मूल कमी आहे."

त्याने इंजिन बंद केलं. तिने तूवाला तीन हाका मारल्या. ओ आली नाही. टोरवाल्ड खाली उतरून कापलेल्या पट्ट्यांकडे वळला, तशी गुनबोर्गने त्याची बाही धरली. "तिकडे नको. आधी उभं गवत." मग मुलांना म्हणाली, "ओळ करा."

"मुलांना कशाला?" मी कुजबुजले. "काही भलतं दिसलं तर?"

"उभ्या गवतात भलतं काही दिसणार नाही. चल, तूही लाग ओळीत."

आम्ही चाललो. किती वेळ गेला कोण जाणे. मग मेल्करची टोपी वर गेली.

ट्रॅक्टरच्या चाकापासून ती जागा दहा पावलांवर होती. तूवा गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि तिच्या पुढ्यात पाडस. दोघांचेही डोळे सताड उघडे. गुनबोर्ग तिच्याजवळ बसली.

"हाका ऐकू आल्या नाहीत?"

"आल्या."

"मग उठली का नाहीस, बाळा?"

"उठायचं होतं. पाय हलेचनात."

गुनबोर्गने तिला मांडीवर ओढलं आणि गुनबोर्गच ढसाढसा रडली. बावीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर गुनबोर्गने आधी फोन उचलला. मी म्हटलं, "पोर धडधाकट आहे. तिच्या आईला कशाला सांगतेस? शिबिर बंद पडेल."

"पडू दे," ती म्हणाली. मग फोनवर अगदी सावकाश बोलली. "मी गुनबोर्ग. आज मी मुलं न मोजता यंत्र सुरू करू दिलं. तूवा गवतात होती. ती सुखरूप आहे, पण ते माझ्यामुळे नाही."

मग आईने तूवाला फोनवर बोलावलं. मला वाटलं, आता ही पोरगी इथेच राहण्यासाठी हट्ट धरणार. वासरांची नावं तिनेच तर ठेवली होती. तूवाने फोन दोन्ही हातांनी धरला.

"आई, मला न्यायला ये."

गुनबोर्गने मान डोलावली. ती गुडघा धरत वर गेली, तूवाची पिशवी भरून आणली आणि तिचे ओले मोजे चुलीजवळ वाळत घातले.