एका नंबरची अकरा पोरं

प्रणिता मोकल मॅडमचा अख्ख्या जगावर एकच आक्षेप होता, की जगाला गणित येत नाही. प्राचार्य साधी टक्केवारी काढायलाही कॅल्क्युलेटर शोधतात, म्हणून त्यांच्या केबिनमध्ये शिरताना मॅडमच्या कपाळावर आधीपासूनच आठी असे. नवऱ्यालाही सूट नव्हती. तो धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला. "तुमची नाईट पुन्हा कधी येते ते तोंडी सांगा बघू," असं त्या त्याला पाहुण्यांसमोर विचारत, आणि तो बिचारा कॅलेंडरकडे बघत बसे.

पेणच्या कॉलेजात त्यांची बावीस वर्षं झाली होती. रामवाडीतल्या घरातून पावणेदहाला निघायचं, वर्गात शिरायचं आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकेकाची सालटी काढायची. "अगो, डोक्यात मेंदू आहे की कोंडा भरलाय?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. उणे चिन्ह विसरलं तर अर्धे गुण जात. शिकवत मात्र झकास, हे त्यांच्या वैऱ्यालाही कबूल करावं लागे. अवघडातलं अवघड गणित त्या फळ्यावर असं सोडवून दाखवत की शेवटच्या बाकावरचा टगासुद्धा दोन मिनिटं गप्प बसे. पण शिकवण्याचं एवढं कसब असलेल्या बाईला समोरचा माणूस काय सांगतोय ते ऐकायची सवय म्हणून नव्हती.

तर त्यांच्या संस्थेची कॉलेजं दोन, एक पेणला नि एक रोह्याला. संस्थेच्या मंडळींना गेल्या वर्षी डिजिटल होण्याची हुक्की आली. त्यांनी आधी एक पोर्टल घेतलं. मुलांचे धडे, हजेरी, गुण सगळं त्यात. मग कुणीतरी सांगितलं म्हणून गणिताच्या ऑनलाइन चाचणीची वेगळी प्रणाली घेतली. त्यात प्रत्येक मुलाला गणित तेच, पण आकडे निराळे येतात, आणि उत्तर मशीनच तपासतं. दोन्ही घेऊन झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की चाचणीतले गुण आपोआप पोर्टलात पडायचे तर ही दोन्ही एकमेकांना जोडायला हवीत. पुण्याहून एक ट्रेनर आला. त्याने दोन तास रंगीत स्लाइड दाखवल्या, वालाच्या बिरड्यावर आडवा हात मारला आणि "अगदी सोपं आहे, मॅडम," असं म्हणून गेला तो गेलाच. काम पडलं गणित विभागाच्या गळ्यात. गणित विभाग म्हणजे प्रणिता मॅडम.

मदतीला मोरू. हा दोन्ही कॉलेजांचा मिळून एकच लॅब असिस्टंट. राहायला कासूला, म्हणजे दोन्हींच्या वाटेवर. तीन दिवस पेणला, तीन दिवस रोह्याला. मॅडमपेक्षा दोन वर्षांनी मोठा असेल, पण मॅडम त्याला सरळ अरेतुरे करत. बारावीला गणितात नापास झालेला माणूस, ही त्यांच्या लेखी मोरूची पूर्ण ओळख.

जोडताना मशीनने एकच प्रश्न विचारला. दोन्हीकडचा मुलगा एकच आहे हे कशावरून ओळखायचं? रोल नंबर घ्यावा तर पेणलाही सतरा नंबर आहे नि रोह्यालाही सतरा नंबर आहे. नाव घ्यावं तर एकेका गावात एकाच नावाचे तीन-तीन पाटील. मॅडमनी पाच मिनिटं विचार केला आणि मोबाईल नंबरच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"म्याडम, मोबाईल नका घेऊ," मोरू मागून म्हणाला. "रोल नंबरच घ्या, फकस्त पुढं कॉलेजचं नाव जोडा. पेण सतरा, रोहा सतरा. कसं, हमरापूरच्या पोरांचं काय हाय..."

"मोरू, दोन माणसांचा एक मोबाईल नंबर असतो का?"

"तसं नाय म्याडम, पण हमरापूरला..."

"हो की नाही, एवढंच सांग."

"नसतो," मोरू म्हणाला.

"मग झालं. हे शास्त्र आहे, तुझा हजेरीपट नाही. जा, चहा सांग."

मोरू चहा सांगायला गेला. मॅडमनी बटण दाबलं, पडद्यावर हिरवी खूण आली, आणि पुण्याच्या त्या खादाड पोराला जे जमलं नाही ते आपण अर्ध्या तासात केलं म्हणून त्या स्वतःवरच खूश झाल्या. असली खुशी त्यांना वर्षातून एखादवेळी होई.

चाचणी वीस गुणांची, पास व्हायला आठ लागणार. लॅबमध्ये चालू मशीनं बारा, त्यामुळे दोन दिवस मुलं पाळीपाळीने बसली. तिसऱ्या दिवशी मॅडमनी पोर्टल उघडलं. गुण आपोआप पडले होते. पण गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या हमरापूरच्या बाजूच्या अकरा मुलांसमोर एकच आकडा होता. तीन. तीन, तीन, तीन, खालपर्यंत तीन.

बाईंचा पारा चढला. अकरा जणांना नेमके तीन? म्हणजे एकानेच सगळ्यांची चाचणी सोडवली. "आणि ती सोडवली तीसुद्धा वीसपैकी तीन!" त्या स्टाफरूममध्ये म्हणाल्या. "मेल्यांना धड लबाडीही करता येत नाही. मूर्ती रंगवा म्हणावं, कॉलेजात येता कशाला?" कुणीतरी हसलं. मॅडमनी त्याच दिवशी प्राचार्यांना पत्र दिलं: गैरप्रकार, अकरा जणांचे अंतर्गत गुण रद्द. गुण रद्द म्हणजे परीक्षेच्या अर्जावर विभागप्रमुखांची सही नाही. सही नाही म्हणजे परीक्षा नाही, वर्ष गेलं. अर्ज भरायला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मृणाली म्हात्रे विभागाच्या दारात उभी राहिली. त्या अकरांतली ही एक. अंगाने काटकुळी, नखांच्या कडांना सोनेरी रंग बसलेला. हमरापुरात तिच्या काकाचा, काळुरामचा, गणपतीचा कारखाना. तिथे ती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. पंचक्रोशीत असा हात नाही, म्हणून काका तिला सोडायला तयार नव्हता. महिन्यापूर्वीच त्याने बजावलं होतं, की एक जरी वर्ष बुडलं तरी कॉलेज बंद, बारा महिने कारखान्यात बसायचं. आणि या पोरीला गणितात एम.एस्सी. करायचं होतं. का, तर फळ्यावर मोकल मॅडम गणित सोडवतात तसं आपल्यालाही सोडवता यावं म्हणून! दीड वर्ष ती पहिल्या बाकावर बसून मॅडमचा शब्द न् शब्द वहीत उतरवत होती. मॅडमना तिचं नावही नीट माहीत नव्हतं.

"मॅडम, मला वीसपैकी वीस पडले होते," ती म्हणाली. "स्क्रीनवर दिसले होते."

"वीस? आणि मग तीन कसे झाले? गणपतीने नेले सतरा?"

"मला नाय माहीत, मॅडम. पण मी आत्ता परत सोडवून दाखवते. तुम्ही द्या कुठलंही."

"मला वेळ नाही. मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. कुणाकडून सोडवून घेतलंस तेवढं सांग, मग बघू."

"मीच सोडवलं."

"मग भोग आपल्या कर्माची फळं. दार लावून घे जाताना."

पोरीने दार लावून घेतलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मॅडमना तोही तिचा निगरगट्टपणा वाटला.

पण ती घरी गेली नाही. बाहेर लॅबमध्ये मोरू होता, त्याला तिने सगळं सांगितलं. मोरूने कपाळावर हात मारून घेतला आणि लॅबची वही काढली. कुठला मुलगा किती वाजता कुठल्या मशीनवर बसला, ते सही घेऊन लिहून ठेवायची त्याची जुनी सवय. मॅडम त्या वहीला "मोरूची पोथी" म्हणत. ती पोथी नि मृणाली दोघांना घेऊन तो विभागात आला.

"म्याडम, जरा एक फोन लावतो. तुम्ही फकस्त ऐका."

"मोरू, मला..."

"दोन मिंटं." बावीस वर्षांत मोरूने त्यांना पहिल्यांदाच मधे तोडलं होतं. त्याने पोर्टलातल्या यादीतला मृणालीचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"कोन?" पलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज आला. मागे कंप्रेसरची घरघर.

"कॉलेजातनं बोलतोय. मृणाली हाय का?"

"ती कालेजला गेली."

"मग रितेशला द्या."

"रितेश हाय, थांब. आरं रितेश! नाय, हात भरलेत त्याचे. निरोप सांग."

"प्रतिक्षा?"

"आरं बाबा, नक्की कोन पायजे तुला? हितं कालेजची अकरा पोरं हायेत. सगल्यांचा फोन मीच घेते. रंगाच्या खोलीत फोन चालत नाय, पिशवीत घालून खुंटीला लावलेले असतात. बोल लवकर, माझी चिकटवायची खल सांडंल."

मोरूने फोन ठेवला. ही सीताबाई, काळुरामची बायको. सीझनला कारखान्यात कुणाचाच फोन उचलला जात नाही, आणि कॉलेजचे प्रवेश ऐन सीझनला. त्यामुळे हमरापूरचं पोर प्रवेश अर्जात उचलला जाणारा नंबर लिहितं, आणि तो असतो सीताबाईचा. गावात यात कुणाला काही नवल वाटत नाही.

"मी त्या दिवशी हेच सांगत होतो, म्याडम," मोरू म्हणाला. "मशीनला वाटलं एकच माणूस अकरा वेळा बसला. शेवटी जो बसला त्याचे गुण मशीनने सगळ्यांना वाटले. हे बघा, शेवटची सही रितेशची."

मॅडमनी चाचणीची प्रणाली उघडली. आधीच्या सगळ्या खेपा तिथे पडून होत्या. एकाच नावाखाली अकरा ओळी, वेळेसकट. चौदा, नऊ, अकरा... मंगळवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वीस. पोथीत त्या वेळेला मृणालीची सही. वीसपैकी वीस दोन्ही कॉलेजांत मिळून दुसऱ्या कुणालाच नव्हते. एखाद्या बाईने अशा वेळी पोरीला जवळ घेतलं असतं. आपल्या मॅडमना आधी राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

"मग मघाशीच का नाही बोललीस, की सगळ्यांचा नंबर एक आहे म्हणून?"

"तुम्ही ते विचारलंच नाय, मॅडम," मृणाली म्हणाली. "तुम्ही विचारलंत, कुणाकडून सोडवून घेतलंस."

मॅडम उठल्या आणि तरातरा प्राचार्यांकडे निघाल्या. मागोमाग मोरू नि मृणाली. प्राचार्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, परत घातला. "म्हणजे मुलं निर्दोष आहेत. छान, छान. दहा जण पास, रितेशला पुन्हा बसवा. पण मॅडम, तुमचं पत्र मी संस्थेला पाठवून बसलोय. आता चूक कुणाची झाली, ते मला लिहून द्यावं लागेल."

मॅडमसमोर मृणालीने सहीसाठी ठेवलेला परीक्षेचा अर्ज होता. हातात पेन होतं. एक शब्द बोलायचा होता, माझी. मोजून दोन अक्षरं. तो शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडेना.

"यादी लॅबमधून आली होती, सर," त्या म्हणाल्या. "मोरूने भरलेली. त्यातच नंबर चुकीचे होते."

घ्या! एका उणे चिन्हासाठी पोरांचे अर्धे गुण कापणारी ही बाई, आणि धडधडीत खोटं बोलली, तेही वर मान करून. मोरूने तोंड उघडलं नि मिटलं. त्याची नेमणूक दरवर्षी जूनमध्ये नव्याने निघे, आणि कागद याच केबिनमधून निघे. प्राचार्यांनाही ते सोयीचं वाटलं. "मोरूची चूक," असं म्हणत ते लिहूही लागले.

"यादी बरोबर होती, सर," मृणाली म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा अर्ज अजून मॅडमच्या हाताखाली होता, सहीविना.

"तो नंबर आमचाच हाय. आम्हीच दिलेला. मोरूकाका मॅडमना आधीच सांगत होते, मॅडमनी ऐकलं नाय. मोरूकाकांचं नाव नका लिहू."

पोरीने शब्द एकही गिळला नाही. मॅडमना वाटलं, फाडून टाकावा हा अर्ज. एवढीशी पोर, काय हिंमत! आणि त्याच क्षणी त्यांना कळत होतं, की ही पोर आत्ता जे करून गेली ते आपल्याला मघाशी जमलं नाही. हे कळणं त्यांना अजिबात आवडलं नाही.

प्राचार्य घाईघाईने म्हणाले, "असू दे, असू दे. तांत्रिक बिघाड म्हणू. मॅडम, सही करून टाका."

मॅडमनी सही केली आणि अर्ज पुढे सरकवला. मृणालीने तो उचलला. दीड वर्ष मॅडमनी फळ्यावर लिहिलेलं जे असेल ते तिने डोळे मिटून उतरवून घेतलं होतं. आता तिने तिथेच उभं राहून आपलं नाव वाचलं, रोल नंबर वाचला, गुणांचा आकडा बोट ठेवून पाहिला, मग सही पाहिली आणि तारीखही पाहिली.

"मॅडम, शिक्का राहिला," ती म्हणाली.

मॅडमनी शिक्का मारला. "झालं समाधान?"

"व्हय," मृणाली म्हणाली, आणि मोरूकडे वळली. "मोरूकाका, समोरचं दुकान उघडं असेल ना? याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवते. नंतर कुणी नाय म्हणायला नको."