रफूचं दुकान फोनवर गेलं त्याची गोष्ट

माझा धाकटा भाऊ रफू करतो. खरं तर ‘करायचा’ म्हणायला हवं. पण माणूस धडधाकट आहे, शेजारच्या खोलीत बसून चहा गार झाला म्हणून कुरकुरतोय, त्याच्याबद्दल असं लिहायला हात धजत नाही. माझं शिक्षण बेरीज-वजाबाकीपाशी थांबलं, तेव्हा जे घडलं ते मला समजलं तसं सांगते.

रफूला ठिगळ म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. ठिगळ वरून लावतात. हा कपड्याच्याच आतल्या शिवणीतून, दुमडलेल्या काठातून धागे ओढून काढणार आणि भोकावर एक उभा, एक आडवा असे सुईने विणत बसणार. उंदराने स्वेटर कुरतडला, इस्त्रीने पँट जळली, खिळ्यात कोट अडकला, की लोक त्याच्याकडे यायचे. काम चांगलं झालं याची खूण एकच, ते झालंय हे कुणाला कळत नाही. आयुष्यभर डोळे फोडून असं काम केलं की ज्याचं कौतुक करायला गेलं तर बोट कुठे ठेवायचं तेच सापडू नये.

दुकान म्हणजे लाँड्रीच्या कडेची एक चिंचोळी खोली. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने श्वास बाहेर घ्यायचा. खिडकीशी टेबल, भिंग, दिवा, आणि जाड कापडाच्या उशीत टोचलेल्या सुया. लाँड्रीवाला धुवायला आलेल्या कपड्यांतले फाटके त्याच्याकडे पाठवायचा, त्यावर निम्मं घर चालायचं. उरलेले लोक स्वतः यायचे, बगलेत पुडकं दाबून, आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून. अंगावरचा कपडा फाटून शिवलेला आहे हे कुणाला सांगायला आवडतं? म्हणून त्याचा एक नियम होता. कपडा साध्या कागदात गुंडाळून द्यायचा आणि गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. आमची भावजय होती तेव्हा म्हणायची, यांच्याबरोबर फिरायला निघालं की वाटतं साऱ्या गावाशी यांचं भांडण आहे.

पुढे कपडे स्वस्त झाले. फाटलं की टाकून नवं घेणं सोपं झालं. पुडकी कमी झाली. त्याच सुमारास त्याच्या मुलीची, म्हणजे माझ्या भाचीची, ऑफिसातली नोकरी गेली आणि ती दुकानात येऊन बसू लागली. पोर हुशार, बापावर जीव. एक दिवस म्हणाली, “बाबा, तुम्ही इथे बसता हे कुणाला माहीत तरी आहे का?”

“ज्याला लागतं त्याला माहीत असतं.”

“ते सगळे म्हातारे झाले, बाबा.”

तोही म्हातारा झाला होता. दुकान चालावं आणि आपल्यामागे ते पोरीच्या हाती जावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि तिनेही दुसरं काही मागितलं नव्हतं. म्हणून तो हो म्हणाला.

फोनवर दुकान काढायचं म्हणजे काय, ते भाचीने मला समजावलं. म्हणाली, आत्या, आपण व्हिडिओ टाकायचा. फोन तो आधी थोड्या लोकांना दाखवतो आणि गुपचूप बघत बसतो, कोण थांबलं आणि कोण अंगठ्याने पुढे सरकलं. थांबले तर आणखी लोकांना दाखवतो, नाही थांबले तर कोपऱ्यात टाकतो. मी विचारलं, या उठाठेवीत त्याला काय मिळतं? तर लोक जितके रेंगाळतील तितक्या जाहिराती मध्ये घुसवता येतात. मी म्हटलं, म्हणजे गर्दी आम्ही जमवायची आणि फुगे त्याने विकायचे. ती हसून म्हणाली, तसंच, पण गर्दीतले चार तरी आपल्या दारात येतील ना.

पहिला व्हिडिओ तिने टाकला तो नुकत्याच रफू झालेल्या पँटचा. व्हिडिओत पँट होती. नुसती पँट. रफू दिसेल तर तो रफू कसला? भाचीच्या दोन मैत्रिणी आणि मी, एवढ्यांनी तो पाहिला, त्यातही मी चष्मा नव्हता म्हणून दोनदा. मग तिच्या लक्षात आलं की आधी भोक दाखवायला हवं.

त्या दिवशी टेबलावर शाळेच्या हेडसरांचा कोट होता. हिरव्या चौकड्यांचा, गावात तसा दुसरा नाही. बाहीला सिगारेटने पडलेलं भोक. सरांनी सिगारेट सोडल्याचं साऱ्या शाळेला भाषणात सांगितलं होतं, तेव्हा कोट आणताना त्यांनी नजर वर केली नव्हती. भाऊ आधी नको म्हणाला. भाची म्हणाली, चेहरा नाही, नाव नाही, तळहाताएवढं कापड दिसणार, कोण ओळखणार? त्यालाही ते पटलं. इतकी वर्षं त्याने माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता कापडाकडे बघितलं, पण दुसरेही कापड ओळखत असतील हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

व्हिडिओ असा धावला की विचारू नका. भोक, मग सुई, मग काहीच नाही. लाखांनी लोक थांबले. भाची दुकानात नाचली, लाँड्रीवाल्याने पेढे वाटल्यासारखं तोंड करून सगळ्यांना फोन दाखवला. भाऊ सुद्धा खुशीत होता, नाही कशाला म्हणू? कुठल्या कुठल्या परक्या लोकांनी त्याच्या हातांना चांगलं म्हटलं होतं. काहींनी लिहिलं की हा लबाड आहे, दुसरंच कापड दाखवतो, तर तो दिवसभर भाचीकडून त्यांना उत्तरं लिहवून घेत होता. आणि त्याच ओळींमध्ये कुणीतरी लिहिलं, हा तर आमच्या हेडसरांचा कोट. खाली शाळेतल्या पोरांची रांग लागली, धुराची चित्रं काढून.

सर कोट न्यायला आले तेव्हा मी डबा घेऊन तिथेच होते. आवाज चढवला नाही त्यांनी. कोट उजेडात धरून बाही नीट पाहिली, काम उत्तम झालं होतं. म्हणाले, “मी हा लपवायला दिला होता हो तुमच्याकडे.” कागदात न गुंडाळताच घेऊन गेले.

व्हिडिओ तिने लगेच काढला. पण तोवर तो दुसऱ्यांनी उचलून नेला होता, त्यावर गाणी लावली होती, विनोद केले होते. आपल्या घरातून केर काढावा आणि तो साऱ्या गल्लीने आपापल्या अंगणात जपून ठेवावा, असा प्रकार. भाऊ सरांच्या घरी दोनदा माफी मागायला गेला. दार उघडलं नाही.

पुडकी थांबली. एकदम नाही, हळूहळू, पण पुरती. मग लाँड्रीवाला आला. बिचारा चौकटीत उभा राहून नखं बघत बोलला, लोक विचारतात, आमचे कपडे त्या फोनवाल्याकडे तर जात नाहीत ना? मी त्यांना काय सांगू? त्याच्याकडचे कपडे येणंही बंद झालं.

इकडे पेजवर बघणारे वाढतच होते. पण ते कुठले कुठले. एक-दोन पार्सलं आली, तीही थांबली, कारण पाठवायचा खर्च पँटपेक्षा जास्त. भाचीने फोनला पैसे भरून पाहिले, म्हणे आपल्या गावातल्यांना दाखव. त्याने दाखवलं. गावातल्यांनी अगदी मन लावून बघितलं. आलं कुणी नाही. ज्यांचे कपडे फाटले होते ते घाबरले होते, आणि जे बघत होते त्यांचे फाटले नव्हते.

तरी ती सोडेना, कारण दुसरं काही उरलंच नव्हतं. जाहिरातीतला चिमूटभर वाटा पेजला मिळू लागला होता, त्यावर भाडं कसंबसं निघायचं. रोज काही टाकलं नाही तर फोन रुसायचा. आणि रोज टाकायला भोकं आणायची कुठून? मग पाडायला लागले. चिंधीवर पाडलेलं भोक लोकांना नको असायचं. कापड चांगलं असेल आणि ते जळत असेल तर अंगठे थांबतात, असं भाचीला आकड्यांत दिसलं. जन्मभर भोकं बुजवलेल्या माणसाने पहिल्यांदा काडी ओढली तेव्हा ती तीनदा विझली. पुढे विझायची बंद झाली.

गेल्या महिन्यात एक बाई आली. बगलेत पुडकं होतं. भाऊ खुर्चीवरून असा उठला की दिवा हलला. लोकरीची शाल होती, चांगली जुनी, मधोमध कसरीने खाल्लेली. तिने भोक दाखवलं, याने भिंग लावलं, होईल म्हणाला, आठ दिवस लागतील. कितीतरी दिवसांनी मी त्याचा तो आवाज ऐकला. मग बाईची नजर स्टँडवर लावलेल्या फोनकडे गेली.

“हे त्यात येणार का?”

“नाही बाई. शपथ घेऊन सांगतो, नाही.”

भाचीने फोन काढून पर्समध्ये टाकलासुद्धा. बाई थोडा वेळ उभी राहिली. म्हणाली, सासूची शाल आहे, घरी कुणाला माहीत नाही. मग तिने शाल हळूच त्याच्या हाताखालून ओढून घेतली, घडी केली, राग मानू नका म्हणाली आणि गेली.

भाचीने तोंड खिडकीकडे केलं होतं. थोड्या वेळाने भाऊ म्हणाला, “आजचं टाकायचं राहिलंय ना?” आणि त्याने अंगातला कोट काढून टेबलावर पसरला. भावजयीने शिवून घेतलेला, त्याचा एकुलता एक चांगला कोट.

“बाबा, तो नको.”

“चांगला आहे म्हणूनच थांबतील,” तो म्हणाला. “लाव फोन.”

मी डबा उचलून बाहेर आले, मला ते बघवलं नाही. बाकीच्यांनी बघितलं. हेडसरांच्या कोटापेक्षा जास्त चालला म्हणे तो. पेटती काडी टेकते, कापड काळं पडत मागे सरकतं, तिथपर्यंत सगळे थांबले आणि मग पुढे सरकले, असं भाचीला फोनमध्ये दिसलं. म्हणून दुसरा, रफूचा भाग त्यांनी केलाच नाही. कोट दाराच्या मागे टांगलाय, छातीवर भोक तसंच आहे. पुढे काय झालं म्हणून कुणी विचारलं नाही.