फिरकीचा तांब्या

आमचे मामा कुणाच्या घरी पाणी पीत नसत. उन्हातान्हाचा चालून आलेला माणूस, कोट घामानं पाठीला चिकटलेला, पण समोर कुणी पाण्याचं भांडं धरलं की हे पिशवीतून स्वतःचा फिरकीचा तांब्या काढणार, झाकण फिरवणार आणि भिंतीकडे तोंड करून घटाघटा पिणार. लग्नकार्यात तेच, सख्ख्या बहिणीच्या म्हणजे आमच्या घरी आले तरी तेच. नांदेडात आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नावच 'तांब्यावाले' पाडलं होतं.

मला त्या तांब्याची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. मी शाळेत जात होते, विटाळ पाळणाऱ्यांशी तावातावानं भांडत होते, आणि माझाच मामा असा! एकदा मला त्यांच्या घरी न्यायला म्हणून ते जमीलाच्या घरी आले. जमीला माझी जिवाभावाची मैत्रीण. तिच्या अम्मींनी तबकातून सरबत आणलं. मामा "नको" म्हणाले. अम्मींनी जरा थांबून, शेजारच्या हिंदूंच्या घरचं पाणी मागवू का, असं हळूच विचारलं. मामांनी त्यालाही मान हलवली आणि तांब्या काढला. अम्मींनी तबकावर रुमाल टाकला आणि ते आत नेऊन ठेवलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

दुसरी खोड म्हणजे कशाचंही कौतुक करायचं नाही. मामीच्या हातच्या पुरणपोळ्या दोन जास्त खातील, पण चांगल्या झाल्यात म्हणायला जीभ उचलायची नाही. मी परीक्षेत पहिली आले तर म्हणाले, "ठीक." कुणी एखाद्या आंब्याची नाहीतर विहिरीची तारीफ करू लागला की इकडेतिकडे बघायचे आणि दटावायचे, "हळू बोला. माणसाच्या तोंडाला कुलूप पाहिजे."

जमीलाच्या घरून आल्यावर मी मामीवर फणफणले. म्हटलं, मामांचं सोवळं त्यांच्यापाशी ठेवायला सांग, लोकांच्या दारात नको. मामी पीठ मळत होती. "सोवळं?" ती म्हणाली. "अगं, जंगलात असताना हा माणूस कुणाच्याही हातचं पाणी प्यायचा. मीच भांडायचे." मग तिनं सगळं सांगितलं.

मामा निजामी सरकारच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. माहूरच्या अंगाला राखीव जंगल होतं. तिथं शिकारीला, जनावरं बघायला बडे पाहुणे यायचे आणि तंबूत राहून कुरकुरायचे. म्हणून टेकाडावर त्यांच्यासाठी पक्का बंगला बांधायचा हुकूम निघाला. बसायला रुंद व्हरांडा, निराळा मुदपाकखाना, न्हाणीघरं, मोटारी ठेवायला छपरी. काम मामांकडे आलं आणि मामा हरखून गेले. चुन्यात भिजलेल्या हातांनीच जेवायला बसायचे, म्हणे.

टेकाडाखाली एक वाडी होती, आणि वाडीचं सगळं पाणी ओढ्यातल्या एका झिऱ्यावर. वाळूत उकरलेला हातभर खड्डा, पण भर उन्हाळ्यात नितळ पाणी द्यायचा. वाडीतली कोंडाबाई रोज दुपारी मामांना त्यातलं पाणी आणून पाजायची. मामा तिला मावशी म्हणत. बंगला उठतोय म्हटल्यावर वाडीवाले धास्तावले, तेव्हा मामांनी तिच्या ओट्यावर बसून शब्द दिला, "तुमच्या झिऱ्याला कुणी हात लावणार नाही."

मग मोठे साहेब पाहणीला आले. मामांनी हौसेनं त्यांना झिऱ्याचं पाणी दिलं. नुसतं देऊन गप्प बसले असते तरी चाललं असतं! पण नाही. "हुजूर, असं पाणी अख्ख्या जिल्ह्यात मिळायचं नाही," म्हणाले. साहेबांनी आणखी एक पेला मागून घेतला आणि जाता जाता फर्मावलं, की पाहुण्यांचं पिण्याचं, आंघोळीचं पाणी इथलंच. सभोवती भिंत घाला, दार बसवा, कुलूप लावा. मामा कचेरीत जाऊन हात जोडून उभे राहिले. नोकरी नको असेल तर तसं सांगा, एवढंच उत्तर मिळालं. पदरात चार लेकरं होती. मामा परत आले आणि त्यांनी भिंत बांधली. चांगली भक्कम बांधली, त्यांना कच्चं काम येतच नव्हतं.

वाडीतल्या बाया दोन टेकाडं ओलांडून पाण्याला जाऊ लागल्या. मामा वाडीची वाट टाळू लागले. पण एकदा ऐन उन्हात त्यांना घेरी आली आणि ते नेमके कोंडाबाईच्या दारात बसले. तिनं नेहमीसारखा तांब्या भरून आणला. पाणी गढूळ होतं. मामा ते सवयीनं तोंडावर मारायला लागले, तशी ती म्हणाली, "सायब, सांडू नका. लई लांबून आणलंय. प्या तेवढं." आणि ते प्यायल्यावर विचारलं, "आणखी देऊ का?"

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं," मामी म्हणाली. दुसऱ्या दिवशी मामांनी बाजारातून फिरकीचा तांब्या आणला.

निजामी गेली तेव्हा बंगल्याचे पहारेकरी रातोरात पळाले आणि वाडीनं ते कुलूप फोडलं. हे कानावर आलं तेव्हा मामा थकले होते. म्हणाले, रेणुकेचं दर्शन करून यावं. मी सोबत गेले. देवीचं दर्शन झालं, आणि येताना त्यांनी बैलगाडी वाडीकडे वळवायला लावली.

कोंडाबाई कमरेत वाकली होती, पण तिनं ओळखलं. मामा तिच्या ओट्याखाली उभेच राहिले, मान काही वर होईना. माफी मागायला आले होते. तिनं कळशी उचलून आणली. खांद्याला तांब्याची पिशवी होती, तिला हात न लावता मामांनी ओंजळ पुढे केली. मी पहिल्यांदाच त्यांना दुसऱ्याच्या हातचं पाणी पिताना बघत होते. निम्मं पाणी मनगटावरून खाली गळत होतं.

"झिऱ्याचंच हाय," कोंडाबाई म्हणाली. "कसं लागतंय?"

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. मी होते, गाडीवान होता.

"साधंच आहे, मावशी," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर साधंच म्हणून सांगा."

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हाव. साधंच हाय." आणि तिनं त्यांच्या ओंजळीत पुन्हा पाणी ओतलं.