मामाची पुंगळी

गंगाखेड तालुक्यात आजवर जेवढी तान्ही लेकरं दचकून उठली, त्यातली निम्मी तरी माझ्या सख्ख्या मामानं उठवली असतील. कारखान्याच्या रस्त्याला त्याचं टपरीवजा गॅरेज होतं. नव्या बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर म्हणजे त्याला तोंडात कोंबलेला बोळा वाटे. तो कापायचा, आतली जाळी उपसून फेकायची, पोकळ नळकांडं पुन्हा वेल्डिंगनं डकवायचं. झाली पुंगळी तयार. पण त्याआधी गिऱ्हाइकाची चौकशी सोयरीक जुळवल्यासारखी. गाव कोणतं, बाप काय करतो, माणूस बोलतो कसा. पोखर्णीचे एक लाजाळू मास्तर डरकाळीवाला आवाज मागायला आले, तर यानं तोंडावर सांगितलं, "गुरुजी, तुमचा आवाज मागच्या बाकापस्तोर जात न्हाई, अन् गाडी डरकाळ्या फोडायली म्हणल्यावर लोक हसतील. तुमाला बारीक घुमणारा देतो." आवाज पारखायची तऱ्हाही जगावेगळी. बाकीचे मिस्त्री पेचकस इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावतात. मामा मूठ दातांत धरून डोळे मिटायचा. आम्ही पोरं नक्कल करून हसत लोळायचो.

पुढे मी गोंगाटाविरुद्ध मोहीम उभारून पत्रकं काढू लागलो. 'गोंगाटाचे दलाल' या मथळ्याखाली पहिलं नाव मामाचं छापलं. दवाखान्यासमोर बार उडवत फिरणारी पुढाऱ्यांची पोरं, आणि त्यांना बंदूक भरून देणारा माझाच मामा! राग होता, आजही आहे. वर्षागणिक त्याच्या पुंगळ्या जास्तच कर्कश होत होत्या. हावरट झालाय, असंही मी लिहिलं. त्यानं पत्रक पूर्ण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. "भाच्या, बाकी काय बी लिही. पण कर्कश? माझ्या हातचा आवाज?"

मोहीम यशस्वी झाली. पोलिसांनी चौकात जप्त सायलेन्सर रांगेत मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला. पुढाऱ्यांच्या पोरांचे त्या रांगेत नव्हते, हे सांगायला नकोच. पत्रा असा किंचाळला की अख्ख्या गर्दीनं कानांवर हात ठेवले. मामाला बघवेना, तो पाठ करून उभा होता. अर्ध्या रांगेचा चुराडा झाल्यावर त्यानं मला विचारलं, "चालू कवा करायलेत रे?"

म्हणजे पेचकस दातांत होता तो उगीच नव्हे. कान कधीचेच जात चालले होते, आवाज दातांतून पोचायचा, आणि स्वतःला ऐकू येईस्तोवर हा माणूस लोकांच्या गाड्यांच्या जाळ्या उपसत राहिला. माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही. पुढच्या पत्रकातून 'हावरट' एवढाच शब्द काढला.

गॅरेज आता बंद आहे. त्याच्या पुंगळीवर मिरवलेला एकही वाघ त्याच्याकडे फिरकत नाही. मी जातो. शांततेची पत्रकं वाटणारा मी, त्याच्या दारात उभा राहून गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा ओरडतो, "मामा, जेवलात का?"

मामा ओठांवर बोट ठेवतो. "हळू की रं. शेजारी लेकरू निजलंय."